त्रिकोण : गुणधर्म, प्रकार आणि शेतजमिनीचे माप

एका रेषेत नसलेले तीन बिंदू तीन रेषाखंडांनी जोडले असता जी बंदिस्त आकृती तयार होते, तिला त्रिकोण म्हणतात. शाळेत पाठ केलेली ही व्याख्या पुढे बहुतेकांच्या विस्मरणात जाते. मात्र जमिनीची मोजणी, घराचा पाया, छपराची कैची किंवा पाणी अडवण्याचा चर यांपैकी कोणतेही काम निघाले, की हीच आकृती पुन्हा समोर उभी राहते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुका हे याचे चांगले उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि जुन्नर तालुक्यांना लागून असलेला हा भाग पठारांचा, मुरमाड टेकड्यांचा आणि अपुऱ्या पावसाचा आहे. अशा प्रदेशात शेते क्वचितच चौरस असतात. ओढा वळेल तसा बांध वळतो, टेकडीच्या पायथ्याशी शेताचा एक कोपरा निमुळता होतो आणि वाटण्या होत गेल्या, की तुकड्यांचे आकार अधिकच वेडेवाकडे होतात. अशा शेताचे क्षेत्र अचूक काढायचे, तर त्याचे त्रिकोण पाडल्याखेरीज गत्यंतर नसते. असे का, हे त्रिकोणाच्या गुणधर्मांतच दडलेले आहे.

त्रिकोणाचे घटक

त्रिकोणाला तीन शिरोबिंदू, तीन बाजू (भुजा) आणि तीन कोन असतात. तीन बाजू व तीन कोन मिळून त्याचे सहा घटक होतात. यांपैकी योग्य असे तीन घटक माहीत असले, की उरलेले तीन आपोआप निश्चित होतात. तीन बाजूंच्या बेरजेला त्रिकोणाची परिमिती म्हणतात.

मूलभूत गुणधर्म

१) त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते. त्यामुळे दोन कोन मोजले, की तिसरा वजाबाकीने मिळतो. मोजणीत तिसरा कोनही मुद्दाम मोजतात आणि बेरीज १८० अंश येते की नाही हे पाहून आधीच्या मोजमापाची शहानिशा करतात.

२) कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा नेहमी जास्त असते. एखाद्या त्रिकोणी तुकड्याच्या बाजू कागदावर ३०, ४० आणि ८० मीटर अशा लिहिलेल्या आढळल्या, तर शेतात न जाताही सांगता येते, की यांतील निदान एक माप चुकीचे आहे. ३० आणि ४० मीटरच्या बाजू एकमेकींना भेटूच शकत नाहीत.

३) मोठ्या बाजूसमोरील कोन मोठा असतो आणि लहान बाजूसमोरील कोन लहान. समान बाजूंसमोरील कोन समान असतात.

४) त्रिकोणाची एक बाजू वाढवली असता तयार होणारा बाह्यकोन हा त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो.

त्रिकोणाचे प्रकार

बाजूंवरून त्रिकोणाचे तीन प्रकार होतात. तिन्ही बाजू समान असल्यास समभुज, दोन बाजू समान असल्यास समद्विभुज आणि एकही बाजू दुसरीइतकी नसल्यास विषमभुज. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो.

कोनांवरूनही तीन प्रकार होतात. तिन्ही कोन ९० अंशांपेक्षा लहान असल्यास लघुकोन त्रिकोण, एक कोन बरोबर ९० अंशांचा असल्यास काटकोन त्रिकोण आणि एक कोन ९० अंशांपेक्षा मोठा असल्यास विशालकोन त्रिकोण. एका त्रिकोणात दोन काटकोन किंवा दोन विशालकोन असू शकत नाहीत, कारण मग बेरीज १८० अंशांच्या मर्यादेत राहत नाही.

या दोन वर्गीकरणांची जोडणी केली, तर नऊ नव्हे, सातच प्रकार संभवतात. समभुज त्रिकोण केवळ लघुकोनच असतो. समद्विभुज आणि विषमभुज त्रिकोण मात्र लघुकोन, काटकोन वा विशालकोन यांपैकी कोणतेही असू शकतात.

कोनमापक जवळ नसला, तरी नुसत्या फितीने त्रिकोणाचा प्रकार ओळखता येतो. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेशी ताडून पाहावा. तो बेरजेइतका असल्यास त्रिकोण काटकोन, कमी असल्यास लघुकोन आणि जास्त असल्यास विशालकोन. उदाहरणार्थ, २५, ६० आणि ६५ मीटर बाजूंच्या तुकड्यात ६२५ आणि ३६०० यांची बेरीज ४२२५ होते आणि ६५ चा वर्गही ४२२५ आहे. म्हणजे तो काटकोन त्रिकोण होय.

न ढळणारी आकृती

चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडून चौकट केली आणि एका कोपऱ्यावर हाताने दाब दिला, तर ती कलते. बाजू तेवढ्याच राहतात, पण कोन बदलतात. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र पट्टी मोडल्याशिवाय किंवा खिळा निखळल्याशिवाय आकार बदलत नाही. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या, की त्रिकोणही ठरतो. हा गुण बहुभुजाकृतींपैकी फक्त त्रिकोणात आहे.

पारनेर परिसरात कांद्याचे पीक मोठे. कांदाचाळीच्या छपराखालील कैची पाहिली, तर ती लहानमोठ्या त्रिकोणांची मालिका असते. चाळीच्या उभ्या चौकटींना तिरप्या पट्ट्या मारतात, त्याही चौकोनाचे दोन त्रिकोण करण्यासाठीच. ती पट्टी वाचवली, तर वळवाच्या वाऱ्यात सारा सांगाडा एका बाजूला कलण्याचा धोका राहतो.

एकरूपतेच्या कसोट्या

दोन त्रिकोण तंतोतंत एकमेकांवर बसत असतील, तर त्यांना एकरूप म्हणतात. ते तपासण्यासाठी सहाही घटक ताडून पाहावे लागत नाहीत. तिन्ही बाजू समान (बाबाबा), दोन बाजू व त्यांच्यामधील कोन समान (बाकोबा), दोन कोन व त्यांमधील बाजू समान (कोबाको), किंवा काटकोन त्रिकोणात कर्ण आणि एक भुजा समान (कर्णभुजा) एवढे पुरते. तिन्ही कोन समान असून मात्र भागत नाही. त्यातून आकार सारखा मिळतो, आकारमान नव्हे. अशा त्रिकोणांना समरूप म्हणतात.

मोजणीची साधने याच कसोट्यांवर उभी आहेत. फितीने तीन बाजू मोजणे म्हणजे बाबाबा. इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन हे यंत्र एका जागी उभे करून दोन खुणांची अंतरे आणि त्यांमधील कोन घेणे म्हणजे बाकोबा. दोन ठिकाणांहून तिसऱ्या दूरच्या खुणेकडे पाहून कोन घेणे म्हणजे कोबाको. अलीकडे वापरात आलेले रोव्हर यंत्र उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून आपले स्थान ठरवते; तेथेही अंतरांवरून बिंदू निश्चित करण्याचे तत्त्व तेच आहे.

चार बाजू पुरेशा का नाहीत?

शेताच्या चारही बांधांची लांबी मोजली, म्हणजे क्षेत्र ठरले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. समजा, एका शेताची प्रत्येक बाजू ५० मीटर आहे. कोपरे काटकोनात असतील, तर क्षेत्र २५०० चौरस मीटर, म्हणजे २५ आर. तेच शेत थोडे कललेले असून त्याचा एक कर्ण ६० मीटर भरला, तर दुसरा ८० मीटर येतो आणि क्षेत्र २४ आर होते. ते अधिक कललेले असून लहान कर्ण २८ मीटर भरला, तर क्षेत्र अवघे १३.४४ आर उरते. बांध तेच, परिमिती तीच २०० मीटर. पण जमीन जवळजवळ निम्मी.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त हा मुद्दा कमालीच्या तिखट शब्दांत मांडला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात. आणि सांगणाऱ्यालाही तीच उपाधी देतात. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाची नोंद आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर हे गणित आठशे वर्षांपूर्वीही शिकवले जात होते.

क्षेत्रफळ काढण्याच्या रीती

त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. येथे उंची म्हणजे समोरच्या शिरोबिंदूपासून पायावर टाकलेला लंब. तिरपी बाजू नव्हे. विशालकोन त्रिकोणात हा लंब पायाच्या बाहेर, वाढवलेल्या रेषेवर पडू शकतो. व्यवहारात चूक होते ती बहुधा येथेच. लंब घेण्याऐवजी बांधाची तिरपी लांबी घेतली जाते आणि क्षेत्र फुगते.

उंची मोजणे शक्य नसेल, तर तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढता येते. ही रीत अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने ओळखली जाते. परिमितीचे निम्मे करावे. त्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करावी. ते निम्मे आणि तिन्ही वजाबाक्या यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे.

एक उदाहरण पाहू. चौकोनी शेताच्या बाजू क्रमाने ५२, ५६, २५ आणि ६५ मीटर आहेत. ५२ व ६५ मीटरच्या बाजू जेथे मिळतात त्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजला, तो ६० मीटर भरला. आता दोन त्रिकोण झाले. पहिल्याच्या बाजू ५२, ५६ व ६०. परिमितीचे निम्मे ८४ आणि वजाबाक्या ३२, २८ व २४. चौघांचा गुणाकार १८,०६,३३६ आणि त्याचे वर्गमूळ १३४४. दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजू ६०, २५ व ६५. हा काटकोन असल्याचे वर आलेच आहे. त्याचे क्षेत्रफळ ६० गुणिले २५ च्या निम्मे, म्हणजे ७५०. एकूण क्षेत्र २०९४ चौरस मीटर, अर्थात २०.९४ आर.

याच शेताला समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची सोपी रीत लावली, तर ३८.५ गुणिले ६०.५ म्हणजे सुमारे २३२९ चौरस मीटर येतात. फरक २३५ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांहून अधिक. खरेदीखताच्या वेळी हा फरक विकत घेणाऱ्याच्या खिशातून जातो. सरासरीची ही रीत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मधील आपल्या ग्रंथात ती दिली, पण तिला ‘स्थूल’ असेच म्हटले. शेत आयताकृती नसेल, तेव्हा ही रीत क्षेत्र नेहमी जास्तच दाखवते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शंकू, साखळी आणि गुंठा

मुंबई इलाख्यात ब्रिटिशांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून शेतसाऱ्यासाठी जी पाहणी सुरू केली, तिची पद्धत पुढे दख्खनच्या इतर जिल्ह्यांत पसरली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. गावागावांत आजही गुंठ्याचीच भाषा बोलली जाते. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे एक आरपेक्षा किंचित जास्त भरतो.

शंकू हे काटकोन साधण्याचे साधन. शेताच्या आरपार एक लांब पायारेषा घेऊन तिच्यावरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत शंकूच्या साह्याने लंब काढत. त्यामुळे संपूर्ण शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन होत. एकेका तुकड्याचा गुणाकार मांडून क्षेत्राची बेरीज केली जाई. भूमि अभिलेख खात्यातील टिपण आणि गुणाकार बुक ही जुनी कागदपत्रे याच रीतीची साक्ष देतात. हद्द कायम करण्याची मोजणी आज नव्या यंत्रांनी होते. मात्र वाद निघाल्यास याच जुन्या अभिलेखांचा आधार घ्यावा लागतो.

काटकोन आणि उतार

काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. पायथागोरसच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा नियम आपल्याकडील शुल्बसूत्रांतही वेदीच्या रचनेसाठी आलेला आहे. गवंडी घराची आखणी करताना एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट अशी खूण करतात आणि दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवतात. मग कोपरा ‘गुण्यात’ आला असे म्हणतात. लहान कोपऱ्याला हातातील गुण्या पुरतो. मोठ्या चौथऱ्याला ३-४-५ चा त्रिकोणच अधिक भरवशाचा.

टेकडीवरील जमिनीला हाच नियम वेगळ्या प्रकारे लागू पडतो. जमिनीचे क्षेत्र नेहमी आडव्या पातळीवर मोजतात, उतारावरून नव्हे. १०० मीटर आडव्या अंतरात ३० मीटर चढ असेल, तर उतारावरून फीत धरल्यास ती सुमारे १०४.४ मीटर दाखवते. ३ मीटरच्या चढाला हा फरक पाच सेंटिमीटरही नसतो. म्हणून सपाट शेतात दुर्लक्ष केले तरी चालते. डोंगरउतारावर मात्र फीत आडवी धरून, पायरी-पायरीने खाली उतरत मोजावे लागते.

ए-फ्रेम : समद्विभुज त्रिकोणाचा उपयोग

समद्विभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून पायावर टाकलेला लंब पायाचे दोन समान भाग करतो. या एका गुणधर्मावर पाणलोटाच्या कामांतील ए-फ्रेम हे साधन चालते. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मध्ये एक आडवी पट्टी ठोकायची आणि वरच्या टोकापासून ओळंबा सोडायचा. दोन्ही पाय एका पातळीत असतील, तेव्हा ओळंब्याची दोरी पट्टीच्या बरोबर मध्यावर येते. काठ्यांत थोडाफार फरक राहिला असेल, तर चौकट त्याच दोन बिंदूंवर उलटसुलट उभी करून दोरीच्या दोन खुणा घेतात. त्या खुणांचा मध्य हाच खरा मध्य.

चौकटीचा एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे टाकत गेले, की टेकडीवर समान उंचीच्या बिंदूंची रेषा मिळते. सलग समतल चर याच रेषेवर खोदायचा असतो. रेषा चुकून चर एका बाजूला कलला, तर पाणी मुरण्याऐवजी सखल टोकाकडे धावते, तेथील मातीचा भराव फोडते आणि जे थोपवायचे होते तेच पाणी माती घेऊन ओढ्याला मिळते. पाणलोट विकासामुळे देशभर ओळखले गेलेले राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यातच आहे. मोजका पाऊस पडणाऱ्या अशा गावांत चराची पातळी साधणे म्हणजे वर्षभराचे पाणी साधणे होय.

मध्यगा, वाटणी आणि विहीर

शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्य जोडणाऱ्या रेषाखंडाला मध्यगा म्हणतात. प्रत्येक मध्यगा त्रिकोणाचे समान क्षेत्रफळाचे दोन भाग करते, कारण दोन्ही भागांचा पाया सारखा आणि उंची एकच असते. त्रिकोणी शेताच्या एका कोपऱ्यात विहीर असून ते दोन भावांत वाटायचे असेल, तर विहिरीपासून समोरच्या बांधाच्या मध्यापर्यंत रेषा आखावी. दोघांना समान क्षेत्र मिळते आणि दोघांचीही जमीन विहिरीला लागून राहते. जमिनीचा कस समान असेलच असे मात्र भूमिती सांगू शकत नाही.

तिन्ही मध्यगा एका बिंदूत मिळतात. तो मध्यगासंपात होय आणि तो प्रत्येक मध्यगेला २:१ या प्रमाणात विभागतो. बाजूंचे लंबदुभाजक ज्या बिंदूत मिळतात, तो तिन्ही शिरोबिंदूंपासून समान अंतरावर असतो. तीन वस्त्यांसाठी समान अंतरावर एखादी सोय करायची झाली, तर जागा तीच. परंतु तीन वस्त्यांचा त्रिकोण विशालकोन असेल, तर हा बिंदू त्रिकोणाच्या बाहेर पडतो. कोनदुभाजकांचा संपातबिंदू तिन्ही बाजूंपासून समान अंतरावर असतो; तो मात्र नेहमी आतच राहतो.

मोठे त्रिकोण

शेत मोजणारे हेच तत्त्व देश मोजण्यासाठीही वापरले गेले. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची एक पायारेषा अत्यंत काटेकोरपणे मोजली आणि तेथून पुढे केवळ कोन घेत त्रिकोणामागून त्रिकोण रचत उपखंडाच्या मोजणीस प्रारंभ केला. एक बाजू आणि तिच्यालगतचे दोन कोन कळले, की नवी बाजू मिळते आणि तीच पुढील त्रिकोणाचा पाया होते. हे काम सुरू असतानाच १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटनचे निधन झाले.

इतक्या मोठ्या त्रिकोणांत एक गंमत आढळते. पृथ्वी गोल असल्याने त्यांच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त येते. साधारण १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रामागे हा फरक एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग असतो. शेताच्या बाबतीत तो पूर्णपणे नगण्य होय.

जमीन घेताना वा वाटताना चार गोष्टी पाळल्या, तरी बरेच वाद टळू शकतात. चार बाजूंबरोबर निदान एक कर्ण मोजावा. शक्य असल्यास दुसरा कर्णही मोजून पहिल्या हिशेबाचा ताळा घ्यावा. फीत आडवी धरावी. आणि सरासरीच्या गुणाकारावर विसंबून व्यवहार पुरा करू नये. घरगुती माप हे केवळ अंदाजासाठी असते. हद्दीचा अंतिम निर्णय अधिकृत मोजणीनेच होतो. तरीही मोजणीदार बांधावर येण्यापूर्वी आपल्या शेताचे त्रिकोण स्वतः पाडून पाहिलेले असले, तर हाती येणारा नकाशा समजून घेणे सोपे जाते.